‘पैशाचं आम्ही बघू!’

‘तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू!’ हे वाक्य तुम्ही घरी ऐकलंय का? मी लहानपणी खूपदा ऐकलं. आई-बाबा ते प्रेमानंच म्हणतात. पण मला ते पटत नाही. घरात पैशाबद्दल मुलांशी बोलायला हवं आणि बचत शाळेत असतानाच सुरू व्हायला हवी, असं माझं मत आहे.

माझी शाळा मराठी माध्यमाची. आमच्या शाळेत ‘संचयिका’ होती, म्हणजे मुलांची छोटी बँक. खाऊचे दोन-पाच रुपये आम्ही तिथे भरायचो आणि बाई ते पासबुकात लिहून द्यायच्या. आठवीत चक्रवाढ व्याजाची गणितं आली. मला त्यात पैकीच्या पैकी मार्क मिळाले! पण हे गणित माझ्या खिशातल्या पैशांनाही लागू होतं, हे कुणी सांगितलं नाही. बाविसाव्या वर्षी नोकरी लागली. पगार आला, नवा फोन आला, बाइक आली. गुंतवणूक सुरू केली ती एकतिसाव्या वर्षी, इथे हॅम्बर्गला आल्यावर. मधली नऊ वर्षं गेली ती गेलीच.

‘त्यात एवढं काय बिघडलं?’ असं तुम्ही विचाराल. चला, गणितच करू. समजा, 100 युरो हे आपलं मुद्दल आहे आणि व्याज दरवर्षी 5 टक्के आहे. सरळव्याजानं 50 वर्षांत त्याचे 350 युरो होतील. चक्रवाढ व्याजात मात्र व्याजावरही व्याज मिळतं. म्हणून तेच 100 युरो 50 वर्षांत सुमारे 1,147 युरो होतील! पण उशिरा सुरुवात केली आणि 25 वर्षंच मिळाली, तर फक्त 339. मुद्दल तेवढंच, फरक वेळेचा. आणि वेळ माझ्यापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे.

मग सगळे पैसे घरातल्या गल्ल्यात टाकले की झालं? नाही. गल्ल्यात पैसे वाढत नाहीत, पण बाहेर महागाई वाढत असते. एक सोपी युक्ती सांगतो. 72 ला टक्क्यांच्या आकड्यानं भागा. महागाई दरवर्षी 2 टक्के असेल, तर सुमारे 36 वर्षांत किमती दुप्पट होतात. आज जेवढ्या पैशांत दोन फ्रान्त्सब्रोट्शेन येतात, तेवढ्यात तेव्हा एकच येईल!

‘पण आमच्या पॉकेटमनीतून असं किती उरणार?’ थोडंच उरेल, पण चालेल. 1778 मध्ये याच हॅम्बर्गमध्ये नोकर, मजूर, कारागीर, खलाशी अशा लोकांसाठी एक बचत संस्था निघाली. जगातल्या अगदी पहिल्या बचत बँकांमध्ये तिची गणना होते. ती श्रीमंतांसाठी नव्हती, थोडं थोडं साठवणाऱ्यांसाठी होती. थेंबे थेंबे तळे साचे, ते असं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जिथे जास्त वाढ, तिथे जोखीमही जास्त. शेअर बाजार वर जातो, तसा खालीही येतो. 2008 या एका वर्षात जर्मनीचा डाक्स निर्देशांक सुमारे 40 टक्के पडला होता. म्हणून लवकर लागणारे पैसे बँकेतच ठेवावेत. जे पैसे खूप वर्षं लागणार नाहीत, ते अनेक कंपन्यांमध्ये वाटून गुंतवावेत. जुन्या काळी हॅम्बर्गचे व्यापारीसुद्धा सगळा माल एकाच जहाजात भरत नसत. एक जहाज बुडालं, तरी बाकीची बंदराला लागायची.

दिवसरात्र पैशाचाच विचार करा, असं मी म्हणत नाही. पण पॉकेटमनी मिळाला, की आधी थोडा बाजूला ठेवा आणि मग उरलेला खर्च करा. खर्च करून उरलेलं साठवू म्हटलं, तर काहीच उरत नाही. हा माझा अनुभव आहे!

आणि आज जेवताना आई-बाबांना विचारा, ‘आपण पैसे कुठे ठेवतो? तिथेच का ठेवतो?’ मराठीतच विचारा बरं का! ते हसून म्हणतील, ‘पैशाचं आम्ही बघू.’

तुम्ही म्हणा, ‘बघा की! पण मलाही दाखवा.’