समुद्रतळाचे नकाशे कोणासाठी?

तामिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. देशातले हे पहिलेच. निर्णय स्वागतार्ह आहे. पण स्वागत करून थांबणे आपल्याला परवडणारे नाही.

डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, समुद्रगवतावर जगते. हे गवत शेवाळ नव्हे. मुळे, पाने, फुले असलेली ती खरीखुरी वनस्पती आहे. कोळंबी आणि मासळीची पिले याच कुरणांत वाढतात. म्हणजे समुद्रगायीचे आणि लहान होडीवाल्या मच्छिमाराचे पोट एकाच कुरणावर अवलंबून आहे.

ही कुरणे आता उपग्रहांतून पाहता येतात. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची, १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. (इतकी महागडी वस्तू फुकट वाटली जावी, याचे अर्थशास्त्राच्या माणसाला नवल वाटते आणि आनंदही.) मात्र तांबडा प्रकाश पाण्यात काही मीटरांतच विरतो, पाणी गढूळ असले तर निळा-हिरवाही फार खोल पोचत नाही. चित्रातला काळसर डाग गवताचा की शेवाळाचा, हे अखेर पाण्यात उतरूनच ठरवावे लागते. तो तळ रोज पाहणारा माणूस किनाऱ्यावरच्या गावातच आहे. शास्त्रज्ञांनी त्याला रोजंदारीचा वाटाड्या न मानता सहकारी मानले पाहिजे.

कुरणे कशाने उखडतात, हे कळायला मात्र उपग्रह लागत नाही. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते. १९८३ च्या राज्य कायद्याने किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई आहे. तरी त्या आत शिरतात, ही पाल्कच्या लहान मच्छिमारांची जुनी तक्रार. गोव्यात रापणकारांनी सत्तरच्या दशकात याच प्रश्नावर लढा दिला, तेव्हा कुठे १९८० चा कायदा झाला. निर्यात झालेली कोळंबी राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते, उखडलेले कुरण कोणत्याच खात्यात वजा होत नाही. अर्थात ट्रॉलरवरचा खलाशीही मजूरच आहे. त्याच्या पर्यायी रोजगाराचा विचार न करता केलेली बंदी त्याच्याच माथी बसेल.

वन्यजीव कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीनुसार अशा क्षेत्राच्या समितीवर ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात, पण समितीचे काम सल्ला देण्यापुरते. मच्छिमार संघटनांना तेथे हक्काची जागा आणि निर्णयात वाटा हवा. दरवर्षीचा कुरणांचा नकाशा तमिळ भाषेत प्रत्येक बंदरावर लावला जावा, आणि मनाईच्या पट्ट्याची रेषा त्याच नकाशावर ठळक आखलेली असावी.