तिथि, भरती आणि होडी

आमच्या पुतण्यानें तीन वर्षांपूर्वीं यंत्र जोडलेली एक लहानशी फायबरची होडी हौसेनें घेतली, आणि तेव्हांपासून आमच्या घरांतील पंचांगास एक नवेंच काम लागलें. कोंकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतां येते, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो अंक येईल त्या वेळेस पूर्ण भरती, व तेथून सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. चतुर्थीस ३ वाजतां भरती, ९ वाजतां ओहोटी. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, त्याचेंच हें सोपें रूप. कृष्णपक्षांत पुन्हां प्रतिपदेपासून मोजावें, आणि खाडींत जसजसें आंत जावें तसतशी वेळ मागें पडते हें ध्यानांत असावें.

हें गणित आम्हांस येत होतें, आणि त्याचा थोडा ताठाही होता.

माघ शुद्ध द्वितीयेस आम्ही, पुतण्या, सूनबाई व दोन नातवंडें असे दाभोळच्या खाडींत निघालों. दोहोंची पाऊणपट दीड. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी चढेल फार आणि उतरेलही फार. दीड वाजतां तुडुंब भरलेल्या खाडींतून खारफुटीच्या एका फांट्यांत होडी नेली, नांगर टाकिला, डबे उघडले. पुतण्यानें शेजारीं एक काठी रोवून तीवर पाण्याची रेघ आंखली होती. साडेतीनास पाहिलें तों पाणी हातभर उतरलेलें. आम्ही त्रैराशिक मांडलें: दोन तासांत एक हात, तर आणखी एका तासांत अर्धा हात; होडीखालीं पुरेसें पाणी राहील, निवांत बसावें. पस्तीस वर्षें मुलांस त्रैराशिक शिकविलेल्या माणसास शंका ती कोठून येणार? साडेचारांस होडी चिखलांत बसली. त्या एका तासांत पाणी पुन्हां हातभर उतरलें होतें.

पुतण्या म्हणाला, “काका, मी उतरून ढकलतों.” तोंच पलीकडच्या कांठावरून ओळखीचा एक वृद्ध मच्छीमार ओरडला, “मास्तर, पोराला उतरूं देऊं नका!” पुतण्यानें वल्हें चिखलांत खुपसून पाहिलें, तें विनासायास मुठीपर्यंत आंत गेलें. तेवढ्यानें तो मुकाट्यानें बसला. अशा चिखलांत रुतलेला मनुष्य स्वतःच्या बळानें निघत नाहीं, आणि भरती त्याच्यासाठीं थांबत नाहीं. होडी रुतली असतां होडींतच बसून राहावें.

आमचें त्रैराशिक कोठें चुकलें तें त्या अंधारांत बसून उमगलें. सहा तासांची ओहोटी बारा भागांत वांटिली तर पहिल्या तासांत १ भाग, दुसऱ्यांत २, तिसऱ्यांत ३, चौथ्यांत ३, पांचव्यांत २ व सहाव्यांत १ भाग पाणी उतरतें. म्हणजे पहिले दोन तास मिळून जेवढें, तेवढें एकट्या तिसऱ्या तासांत. भरतीचाही क्रम हाच. मुंबईस उधाणाच्या भरती-ओहोटींत ४ मीटरांहून अधिक अंतर पडतें, गोव्याकडे सुमारें २ मीटर. अंतर कमी-अधिक झालें तरी बारा भागांची वांटणी साधारण हीच राहते. साडेचारांस गेलेली पातळी परत येणार ती साडेदहांस. द्वितीयेची कोर आठाच्या सुमारास मावळली. धाकटी नात रडून रडून आईच्या मांडीवर झोंपली. खाडीच्या वरच्या अंगास, चिपळूणकडे, मगरी आहेत हें थोरल्यास ठाऊक होतें. तो वारंवार विचारी आणि आम्ही वारंवार “इकडे नाहींत” म्हणून सांगूं.

होडी तरंगली, यंत्र सुरू झालें, आणि पांच मिनिटांत तापून किंचाळूं लागलें. अशा यंत्राच्या मागें पाण्याची बारीक धार सतत पडत असावी लागते. यंत्र निवविण्यासाठीं ओढलेलें पाणी फिरून बाहेर येत असल्याची ती खूण. वाट चिखलानें बुजली होती, धार नव्हती, आणि अंधारांत तिकडे कोणीं पाहिलेंच नव्हतें. यंत्र बंद करून नांगर टाकिला, तर तोही घसरूं लागला. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पांचपट तरी असावा, सातपट असल्यास उत्तम. आणि ती खोली भरतीची धरावी. पाणी चढत होतें, म्हणजे आमचा दोर क्षणोक्षणीं तोकडा पडत होता. सूनबाईनें सामान बांधण्याचा दुसरा दोर त्यास जोडला तेव्हां कोठें होडी स्थिरावली. अडीचच्या सुमारास मासेमारीहून परतणाऱ्या एका होडीनें आम्हांस ओढून धक्क्यास लाविलें. घरीं पोंचल्यावर सूनबाई इतकेंच म्हणाली, “काका, पंचांग मात्र अगदीं बरोबर होतें हो.”

आतां होडी परत आली कीं यंत्रांतून दहा मिनिटें गोडें पाणी फिरवावयाचें, हा घरचा नियम झाला आहे. खारें पाणी आंत वाळलें कीं मिठाचे थर धरतात व धातु खातात. यंत्राच्या पाण्याखालील भागास जस्ताचा एक तुकडा जोडलेला असतो. खाऱ्या पाण्यांत जस्त आधीं झिजतें आणि मूळ धातु वांचतो. तुकडा अर्धा झिजला कीं बदलावा. आणि त्यास रंग फांसूं नये, कारण रंगविलेलें जस्त निरुपयोगी. आमच्या पुतण्यानें पहिल्या वर्षीं तो मोठ्या टापटिपीनें रंगविला होता! धारानगरीच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत असें सांगितलें आहे. कारण दिलें आहे तें समुद्रांतील लोहचुंबक नौकेस ओढून घेईल हें. कारण पटण्याजोगें नाहीं, परंतु खाऱ्या पाण्यांत लोखंड गंजतें आणि भोंवतालचें लाकूडही नासवितें हें खरें.

होडीच्या तळाशीं सांचलेलें पाणी सोडण्याचें एक बूच असतें. होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं तें घट्ट आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम थोरल्या नातवाकडे आहे, आणि जाकिटांचे बंद तपासण्याचें धाकटीकडे. ती आमचाही बंद ओढून पाहते. पावसाळ्यापूर्वीं होडी कांठावर ओढून शाकारण्याविषयीं पुढील अंकीं लिहूं.