पूर्ण नावाचा मान
उमरीच्या शाळेत हजेरी घेताना ‘शेख रहीम शेख करीम’ असं नाव आलं की ते घाईत उरकू नये. मराठवाड्याच्या रिवाजात मुलाच्या नावापाठोपाठ बापाचं नाव येतं आणि ‘शेख’ दोघांनाही लागतं. बाळ जन्मलं की कानात अजान, सातव्या दिवशी अकीकाचा विधी, आणि नाव सुचवायला दादी, नानी, फुफी सगळ्या पुढं. रहीम म्हणजे दयाळू, करीम म्हणजे उदार. दोन्ही शब्द अरबी, अल्लाहच्या ९९ नावांतले. म्हणून पुष्कळ घरांत पूर्ण नाव ठेवतात अब्दुल रहीम, त्या दयाळूचा सेवक. नुसतं ‘अब्दुल’ म्हणून हाक मारली तर अर्थ अर्ध्यावरच तुटतो. इब्राहीम, मूसा, मरियम ही नावं ज्यू आणि ख्रिस्ती घरांतही आहेत. परवीन फारसी, सुरैया अरबी. दोन्हींचा अर्थ आपलं कृत्तिका नक्षत्र. हिंदू-मुस्लिम घरांतली नावांची देवाणघेवाणही जुनीच. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाहशरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. आमच्याकडे पिराजी आणि साहेबराव हिंदू घरांत आजही भेटतात. म्हणून शाळेत नाव घालताना गुरुजींनी लेकराच्या आईला एवढं विचारावंच: नाव कसं लिहू, आणि त्याचा अर्थ काय? नाव नीट लिहिणं, नीट उच्चारणं हा लेकराचा हक्क आहे, आणि तो पाळणं आपल्या सगळ्यांचं काम आहे.