हिचकॉकचा शेरा आणि गाळलेले १८४८

आल्फ्रेड हिचकॉकच्या चाहत्यांशी वाद घालणे कठीण, कारण साक्षीला ते थेट हिचकॉकलाच उभे करतात. १९३४ सालच्या 'वॉल्ट्झेस फ्रॉम व्हिएन्ना'चे नाव काढले की उत्तर ठरलेले : खुद्द दिग्दर्शकानेच फ्रान्स्वा त्रुफोशी बोलताना तो आपल्या कारकिर्दीचा नीचांक ठरवला, मग पाहायचा कशाला? आमचा सवाल साधा आहे. मोठ्या माणसाने शेरा मारला की आपण डोळे मिटून घ्यायचे का?

कथा व्हिएन्नाच्या योहान स्ट्राउस बापलेकांची. बाप नामवंत संगीतकार, मुलाला पुढे येऊ देत नाही. मुलाची प्रेयसी रासी बेकरीवाल्याची मुलगी. तिला वाटते, याने बेकरी सांभाळावी. एक उमराव बाई मात्र त्याच्या संगीतामागे उभी राहते. प्रेमाचा हा त्रिकोण मिळमिळीत आहे, हे आम्हीही नाकारत नाही.

पण बेकरीचा प्रसंग पाहा. कामगार एकमेकांकडे पाव फेकताहेत, झेलताहेत. पीठ मळणारे यंत्र फिरते आहे. त्या हातांच्या आणि यंत्राच्या लयीतून तरुण स्ट्राउसला 'ब्लू डॅन्यूब'ची धून सापडते. इतिहास म्हणून हे साफ खोटे. ती धून १८६७ ची, आणि चित्रपटात जिवंत असलेला बाप १८४९ लाच वारला होता. तरीही राजवाड्यात मिरवलेल्या संगीताचा उगम घाम गाळणाऱ्या हातांत दाखवायचे हिचकॉकला सुचले. (तो स्वतः लंडनच्या भाजीविक्याचा मुलगा.) लय आणि दृश्य असे जोडणारा दिग्दर्शक त्याच वर्षी 'द मॅन हू न्यू टू मच'मध्ये झांजेच्या ठोक्यावर गोळी झाडायचा कट रचतो. नीचांकावरचा माणूस असा असतो?

आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. हिचकॉक तक्रार करतो ती संगीताविना काढलेल्या, स्वस्तातल्या संगीतपटाची. आम्ही विचारतो, या बापलेकांच्या भांडणातले राजकारण कुठे गेले? १८४८ मध्ये व्हिएन्नात क्रांती पेटली. बाप सम्राटाच्या बाजूने राहिला; इटलीतला उठाव चिरडणाऱ्या सेनापतीच्या गौरवार्थ त्याने 'राडेट्झ्की मार्च' रचला. मुलगा क्रांतिकारकांकडे गेला, त्याने बंदी असलेले 'मार्सेयेज' वाजवले आणि पोलिसांच्या चौकशीला तोंड दिले. दरबारी नृत्यसंगीताचे संचालकपद त्याला मिळायला १८६३ उजाडले. पुढे त्यानेही दरबाराशी जुळवून घेतले, हेही लपवायचे कारण नाही.

चित्रपट या वर्षापर्यंत येतच नाही. उरतो तो फक्त एका बापाचा मत्सर. शेवटी स्वाक्षरी करताना म्हातारा नावापुढे 'सीनियर' जोडतो आणि समेट झाला असे आपण समजायचे! घराघरातली भांडणे कशावरून होतात हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना हा समेट पटणार नाही.

आजही व्हिएन्नातल्या नववर्षाच्या मैफलीत आधी मुलाचे 'ब्लू डॅन्यूब' वाजते आणि समारोप बापाच्या 'राडेट्झ्की मार्च'ने होतो. प्रेक्षक त्यावर ताल धरून टाळ्या वाजवतात. 'मार्सेयेज'ची आठवण तिथे कुणी काढत नाही.