मदत घ्या, पण कुणाची?

आज 10 ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. 1992 पासून तो जगभर पाळला जातो आणि आता आपल्याकडेही त्याची दखल घेतली जाते. आज महाविद्यालयांत व्याख्याने होतील, जिल्हा रुग्णालयांतून फेऱ्या निघतील आणि हातातल्या फलकांवर 'मनातले बोला, मदत घ्या' असे लिहिलेले असेल. या आवाहनाचे मोल आम्ही जाणतो. दोन दशकांपूर्वी मानसोपचाराचे नाव काढले की घरातली माणसे आवाज खाली करत. आज पंचविशीतली मुलगी आईला 'मी काउन्सेलिंग घेतेय' असे सरळ सांगते आणि काही घरांत आईही ते शांतपणे ऐकून घेते. पण फलकावरचा मजकूर जिथे संपतो, तिथे खरी अडचण सुरू होते. मदत घ्यायची हे ठरले, जायचे कुणाकडे?

गुडघा दुखू लागला तर आपण शेजाऱ्यांना विचारतो, ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारतो, चार नावे मिळतात. इथे विचारायचीच चोरी. त्यामुळे ही निवड एकट्याने, रात्री, मोबाइल हातात धरून आणि नेमके मन थकलेले असताना करावी लागते. जो पहिला नंबर सापडेल तिथे फोन जातो. समोरची व्यक्ती पटली नाही की माणूस 'आपल्याला याचा काही उपयोग नाही' असा निष्कर्ष काढतो आणि पुढे कित्येक वर्षे त्या वाटेला फिरकत नाही. आजच्या दिवशी आम्हाला बोलायचे आहे ते या वाया गेलेल्या पहिल्या भेटीबद्दल.

ती वाया जाणे आपल्याला परवडणारे नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे मानायला आधार नाही. प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी एखादा मानसिक विकार होता आणि विकारागणिक 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. 2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 आत्महत्यांची नोंद झाली. त्या वर्षी देशातल्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात एवढ्या नव्हत्या. अशा प्रदेशात एखादा माणूस धीर करून दवाखान्याच्या दारापर्यंत येतो आणि तिथूनच माघारी फिरतो, याचा दोष त्या माणसाच्या माथी मारता येणार नाही.

आधी पाट्यांवरचे फरक समजून घेऊ. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो. एमबीबीएसनंतर त्याने मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले असते आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. चाचण्या आणि संवाद यांतून तो उपचार करतो आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असावी लागते. समुपदेशकांच्या बाबतीत मात्र सगळाच सैलपणा आहे. मानसशास्त्रात एमए करून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली अनेक वर्षे काम करून तयार झालेले उत्तम समुपदेशक महाराष्ट्रात आहेत, आणि चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. बाहेरून दोन्ही पाट्या सारख्याच दिसतात. 2021 मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी केंद्राने कायदा केला आणि समुपदेशनाचे क्षेत्र त्याच्या कक्षेत आणले. पण सामान्य माणसाला आपल्या गावातल्या समुपदेशकाचे नाव घालून खातरजमा करता येईल, अशी सोय अजून त्याच्या हाती आलेली नाही. तोवर शिक्षण काय, नोंदणी कुठली, अनुभव कोणत्या प्रश्नांचा, हे स्वतःच विचारावे लागेल. ते विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. जो दुखावतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

काही वेळा मात्र शोधाशोध करत बसण्यात धोका असतो. कित्येक रात्री झोप नाही, अन्न जात नाही, कानात आवाज ऐकू येतात, माणूस अचानक वाटेल तसा पैसा उधळू लागला आहे, दारू सोडताच हातपाय थरथरून भ्रम होत आहेत किंवा जगणे नको असे बोलणे सुरू झाले आहे, तर थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जायला हवे. कधी कधी थायरॉईडचा बिघाड किंवा बी12 ची कमतरताही उदासीसारखी दिसते. ती रक्ताच्या तपासणीत कळते, गप्पांत कळत नाही. औषध आणि संवाद यांची सांगड अनेकांना लागते आणि जबाबदार व्यावसायिक गरज पडताच रुग्णाला दुसऱ्याकडे पाठवतो.

आता 'पटणे' या गोष्टीकडे येऊ, कारण सर्वांत दुर्लक्षित तीच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये उपचार करणारा आणि घेणारा यांच्या नात्याची तीन अंगे सांगितली: कुठे पोहोचायचे यावर दोघांचे एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत आणि दोघांमधला विश्वास. त्यानंतर झालेल्या संशोधनाने पुन्हा पुन्हा दाखवले आहे, की हे नाते जितके घट्ट, तितका उपचाराचा गुण जास्त. म्हणजे आपल्याला समोरचा माणूस पटतो की नाही, हा लाडावलेल्या ग्राहकाचा प्रश्न नाही. तो उपचाराचाच भाग आहे. कुणाला नेमकी कामे देणारा, वही लिहायला सांगणारा, विचारांची उलटतपासणी करणारा समुपदेशक हवा असतो. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत मराठी वाचकांना चांगली ओळखीची आहे आणि तिच्या आधाराने उभी राहिलेली माणसे आपल्यात आहेत. पण नुकतेच मूल गमावलेल्या आईला पहिल्याच भेटीत 'तुमचा हा विचार अविवेकी आहे' असे कुणी म्हणाले, तर ती तिथून उठून जाईल आणि तिचे उठणे योग्यच असेल. तिला आधी कुणीतरी सोबत बसणारे हवे आहे. पद्धत चांगली असणे आणि ती या माणसासाठी, या वेळी चांगली असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून पहिल्या भेटीत आपणही तपासणी करायची असते. मला मध्येच तोडले का? माझे ऐकण्याआधीच सल्ला आला का? माझ्या प्रश्नाबद्दल तुम्हाला काय वाटते, आपण काय करणार आहोत, किती भेटी लागतील, असे विचारल्यावर समजेल असे उत्तर मिळाले का? दोन-तीन भेटींनंतरही आपण तिथे सावरून, तोलून-मापून बोलत असू, तर ते आधी त्या व्यक्तीलाच सांगून पाहावे. पुष्कळदा त्या एका स्पष्ट बोलण्यानंतरच खरे काम सुरू होते. नाही झाले, तर बदलावे. मराठी माणसाला इथे फार संकोच वाटतो. डॉक्टरांना काय वाटेल, त्यांनी इतका वेळ दिला, असे म्हणत लोक महिनोन्महिने नको त्या खुर्चीत बसून राहतात. समुपदेशक बदलण्यात बेइमानी काहीच नाही. उलट आधीच्या भेटींतली माहिती पुढच्या व्यक्तीला कळवायला सांगण्याचाही आपल्याला हक्क आहे.

भाषेबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे. आपल्याकडची दुखरी माणसे 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत दवाखान्यात शिरत नाहीत. जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, डोके जड झाले आहे, कशात मन लागत नाही, मनात नाही नाही ते येते, असे ती सांगतात. बीडहून पुण्यात ऊसतोडीच्या हंगामानंतर आलेली बाई आणि इंग्रजीत विचार करणारा तरुण समुपदेशक यांच्यात शब्दांचेच नव्हे, जगण्याचेही अंतर असते. ते अंतर ओलांडता येते, पण त्यासाठी समोरच्याला ते दिसले पाहिजे. वसतिगृहात जातीवरून हिणवल्या गेलेल्या मुलाला 'तू जास्त मनावर घेतोस' असे उत्तर मिळाले, सासरी मार खाणाऱ्या स्त्रीला 'थोडे जमवून घ्या' असे सांगितले गेले, समलिंगी तरुणाला 'हे बदलता येईल' असे आश्वासन मिळाले, तर त्यांच्या जखमेवर उपचाराच्या खोलीतच आणखी एक घाव बसतो. यातली शेवटची गोष्ट तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्येच डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवली आहे. तेव्हा स्त्री समुपदेशक हवी, आपल्या बोलीत बोलणारी व्यक्ती हवी, आपल्या समाजाचे वास्तव ठाऊक असलेली हवी, अशी अट घालण्यात गैर काहीच नाही.

समुपदेशक जवळ असणे मात्र दुधारी आहे. तालुक्याच्या गावात दवाखान्याच्या बाकावर बसलेले आपल्याला कोण पाहील, या धास्तीने लोक एसटीने दीडशे किलोमीटर दूर जातात आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रवासालाच कंटाळतात. दर आठवड्याला जायचे तर अंतर झेपणारे हवे. गोपनीयतेची चिंता खरी आहे, पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ती रुग्णाचा हक्क म्हणून मान्य केली आहे. जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर रुग्णाची माहिती बाहेर जाता कामा नये. ते अपवाद कोणते, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. आणि जो समुपदेशक गावातल्या दुसऱ्या कुणाची कहाणी नाव गाळून का होईना आपल्याला ओळखू येईल अशी सांगतो, तो उद्या आपलीही सांगेल. ऑनलाइन भेटींनी अंतराचा प्रश्न पुष्कळ सोपा केला, पण दोन खोल्यांच्या घरात सुनेने सासूसमोर बसून कुठल्या कोपऱ्यात बोलायचे? अशांसाठी घराबाहेरची एक खोली आणि एक खुर्ची लागतेच.

ती खुर्ची गावातच ठेवता येते, हे आपल्या शेजारच्या गोव्याने दाखवले आहे. 1996 मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेने मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीच्या रुग्णांसोबत सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम राबवला. उठणे, बाहेर पडणे, माणसांत मिसळणे, सुटलेली कामे थोडी थोडी पुन्हा हाती घेणे, असे त्याचे साधे स्वरूप. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी या गटातल्या 64 टक्के रुग्णांची लक्षणे आटोक्यात आली होती. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. आपल्या भाषेत बोलणारी, आपल्या गावची, नीट शिकवलेली आणि वरून देखरेख असलेली माणसे किती काम करू शकतात, याचा एवढा ठोस पुरावा दाराशी असताना महाराष्ट्राने तो मोठ्या प्रमाणावर वापरलेला नाही, याची खंत वाटते.

पैशांचे सांगायचे तर शहरात एका भेटीला हजार-दीड हजार रुपये सहज जातात आणि ही रक्कम दर आठवड्याला काढणे बहुतेक घरांना अशक्य आहे. सवलतीची फी आहे का, हे न लाजता विचारावे. अनेक जण ती देतात. सरकारी सोय लोकांना माहीतच नसते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग चालतो आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागही असतो. तिथे गेले म्हणजे दाखल करून घेतील, ही भीती मनातून काढून टाकावी.

आणि काही दारे ओलांडूच नयेत. इतक्या भेटींत खात्रीने बरे करतो असे म्हणणारा, डॉक्टरांची औषधे परस्पर बंद करायला लावणारा, सगळी फी आगाऊ मागणारा, गेल्या जन्माच्या गोष्टी काढणारा, उपचाराच्या आडून जवळीक साधू पाहणारा, यांच्यापासून दूर राहावे आणि दुसऱ्यालाही सावध करावे.

राज्य सरकारकडे आमची मागणी छोटी आहे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि पात्र समुपदेशकांची तालुकावार यादी मराठीत, सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. शिक्षण, नोंदणी क्रमांक, कोणत्या भाषांत आणि कोणत्या प्रश्नांवर काम करतात, फी किती, एवढे त्यात असले तरी पुरे. ती यादी प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि प्रत्येक महाविद्यालयात लावावी. पुढच्या 10 ऑक्टोबरपर्यंत हे होण्याजोगे आहे.

ज्याला त्यासाठी थांबणे शक्य नाही, त्याच्यासाठी 14416 हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 2022 पासून सुरू आहे. तो दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. फोन करून आपल्या जिल्ह्यात कुणाकडे जाता येईल, एवढेच विचारायचे असले तरी जरूर करावा.