विश्लेषण : छोट्या शहराची ‘वसुंधरा’ पंपाच्या बिलात का शोधावी?

तालुक्याच्या कुठल्याही शहरात बसस्थानकासमोर उभे राहा. भिंतीवर हिरवी पृथ्वी रंगवलेली दिसते, तिच्याभोवती दोन हात आणि खाली ‘झाडे लावा’. त्याच भिंतीच्या कडेने पाण्याची वाहिनी ठिबकत असते. रंगाला वर्ष झालेले असते, ठिबकण्याला कदाचित दहा. नगरपरिषदांच्या पर्यावरणविषयक कामाची खरी अडचण याच दोन गोष्टींच्या मधोमध आहे.

‘माझी वसुंधरा’ने काय बदलले?

राज्याच्या पर्यावरण विभागाने २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश अशी पंचतत्त्वांवर कामांची विभागणी झाली. हरित क्षेत्र व कचरा, हवेची गुणवत्ता, जलसंवर्धन, ऊर्जा आणि जनजागृती अशा कामांना गुण ठरले. लोकसंख्येनुसार गट पडले, बक्षिसेही ठेवली गेली. याचा फायदा नक्कीच झाला. पर्यावरण हा एरवी मोठ्या महापालिकांचा विषय मानला जाई. तो ४० हजारांच्या आतल्या लोकवस्तीच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदांच्या टेबलावर आला.

पण गुण मिळवायचे म्हणजे पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे बहुतेक वेळा छायाचित्र. रोपाचे, सौर पॅनेलचे, सायकल फेरीचे छायाचित्र निघते. बुजवलेल्या गळतीचे काय काढणार? तिथे खड्डा भरलेला दिसतो, एवढेच. त्यावर कोनशिलाही बसत नाही.

पंपाच्या बिलाचा पर्यावरणाशी काय संबंध?

छोट्या शहराच्या नगरपरिषदेच्या वीजवापराचा मोठा भाग पाणी उपसण्यात आणि पथदिव्यांत जातो. कार्यालयातले पंखे-दिवे त्यापुढे किरकोळ. तेव्हा एक कागदी हिशेब करून पाहू.

३० हजार लोकवस्तीचे शहर धरा. माणशी रोज १३५ लिटर या मापदंडाने रोज सुमारे ४० लाख लिटर पाणी लागते. नदीवरच्या जॅकवेलपासून टेकडीवरच्या जलकुंभापर्यंत ते एकूण ६० मीटर चढवायचे आहे आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के आहे. वाहिनीतले घर्षण सोडून दिले तरी रोज साधारण ११०० युनिट वीज लागते. आता यातले ३० टक्के पाणी नळापर्यंत पोहोचण्याआधीच जमिनीत मुरते, असे धरू. म्हणजे रोज ३३० युनिट वीज मातीत गेली. वर्षाला ही वीज १ लाख २० हजार युनिट होते. युनिटला ७ रुपये धरले, तर ८ लाख ४० हजार रुपये.

छतावरचा सौर प्रकल्प एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट देतो. त्या गळतीइतकी वीज तयार करायला ८० किलोवॅटचा प्रकल्प हवा. निम्मी गळती थांबली तरी ४० किलोवॅटचे काम झाले. तेवढे पॅनेल नगरपरिषदेच्या इमारतीवर मावतीलच असे नाही. मावले तर उद्घाटनाला मंत्री येतील. गळती शोधायला मात्र फिटर आणि जलकुंभाच्या तोंडाशी एक चालू स्थितीतला मीटर लागतो.

सौर पॅनेल नकोत, असा याचा अर्थ नाही. आणि गळती थांबली की बिल उतरेलच, असेही नाही. वाचलेले पाणी हद्दवाढीत आलेल्या वसाहतींच्या कोरड्या नळांना द्यावे लागेल, पंप तितकाच चालेल. चालू द्या. त्या वसाहतींत येणारे टँकर तरी डिझेल जाळायचे थांबतील.

ही आकडेमोड आपल्या शहराला लावायची तर आधी आकडे हवेत, आणि गाडी इथेच अडते. अनेक छोट्या शहरांत घरटी पाणीपट्टी वर्षाची ठोक असते. किती पाणी उचलले, किती दिले आणि किती हरवले, याचे मोजमापच नसते. जे मोजलेच नाही, ते कमी झाल्याचे कोण सांगणार?

कचऱ्यात वेंगुर्ल्याने काय केले?

सिंधुदुर्गातले वेंगुर्ला हे २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम १२ हजार लोकवस्तीचे शहर. तिथे रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा घरातूनच वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला गेला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस झाला, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात गेले. जुना कचरा डेपो लोक पाहायला येऊ लागले. पाचगणीनेही आपल्या डेपोच्या जागी ‘स्वच्छ भारत पॉइंट’ उभा केला. नाक दाबून जिथून पुढे जायचे, तिथे माणसे थांबू लागली, हे कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा मोठे यश आहे.

वेगळे केलेले पुन्हा एकत्र झाले की सगळी मेहनत वाया जाते. ओला कचरा ढिगात दबला की हवेविना कुजून मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. वर्गीकरण २०१६ च्या घनकचरा नियमांनीच बंधनकारक केले. मग ते होत का नाही? एक कारण निविदेत सापडते. ठेकेदाराला टनामागे पैसे मिळत असतील, तर जड गाडी त्याच्या फायद्याची. तुम्ही ओला-सुका वेगळा दिलात आणि तुमच्या डोळ्यांदेखत घंटागाडीत तो एकत्र झाला असेल, तर एकट्या कामगारावर चिडून उपयोग नाही. त्याच्या मालकाचा करार वजनाचा आहे का, ते आधी पाहायला हवे.

चांगले काम टिकत का नाही?

मुख्याधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा असतो, तोही पुरा होईलच असे नाही. कोकरे वेंगुर्ल्यानंतर कर्जतला आणि पुढे कल्याण-डोंबिवलीत गेले. अधिकारी गेला की पद्धत टिकवायची कोणी, हा प्रश्न मागे राहतो. त्याचे उत्तर सभागृहाने द्यायचे असते, पण अनेक नगरपरिषदांत कित्येक वर्षे सभागृहच नव्हते, प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि थेट निवडून आलेले नगराध्यक्ष खुर्चीवर बसले.

पैसा नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधील होता. वाहिन्या, यंत्रे, गाड्या यांना पैसा मिळतो. ओढ लागते ती त्यानंतरच्या खर्चाला, म्हणजे बायोगॅस संयंत्रावरच्या माणसाचा पगार, बिघडलेला मीटर, पॅनेलवरची धूळ पुसणे. हा खर्च घरपट्टी-पाणीपट्टीतून येतो, आणि पट्टी वाढवण्याचा ठराव आला की पर्यावरणप्रेमी सदस्यही गप्प बसतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण दिवसाआड तासभर पाणी मिळणाऱ्या घराकडून वाढीव पट्टी मागायची कशी, हा पेचही खराच आहे. म्हणूनच आधी गळती आणि मग पट्टी, हा क्रम मला पटतो.

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, त्याची प्रत मागता येते. त्यात पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाची ओळ शोधा. मागच्या वर्षाचा आकडा तिथेच शेजारच्या रकान्यात असतो.