डोळ्यांचा कोरडेपणा आणि कॅप्सूलचा धंदा

डोळे चुरचुरतात म्हटलं की लगेच ओमेगा-३ च्या कॅप्सूल लिहून देणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न आहे : २०१८ चा ‘ड्रीम’ अभ्यास वाचलात का?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो छापून आला. अमेरिकेतले ५३५ रुग्ण, वर्षभर. काहींना रोज ३ ग्रॅम ओमेगा-३, बाकीच्यांना नुसतं ऑलिव्ह तेल. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. निकाल? दोन्ही गटांना बरं वाटलं, जवळजवळ सारखंच!

कोणी म्हणेल, "पण मला फरक पडला." पडला असेल ना. ऑलिव्ह तेलवाल्यांनाही पडला होता. म्हणूनच तर असे अभ्यास करावे लागतात.

आणि तपासणीचं काय? पापणीत कागदाची पट्टी ठेवून ५ मिनिटांत अश्रू मोजता येतात. डोळ्यात रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते बघता येतं. १० च्या आत फाटला तर गडबड. पुष्कळांना अश्रू कमी नसतातच, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतात. तिथे गरम शेक कामाला येतो. दिवसातून अनेकदा थेंब घालायचे तर ते प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच हवेत.

यातलं काहीच न बघता महिनोन्महिने कॅप्सूल? पुढच्या वेळी चिठ्ठी हातात आली की विचारा, "डॉक्टर, माझा कोरडेपणा कुठल्या प्रकारचा?" उत्तर मिळाल्याशिवाय कॅप्सूलसाठी खिशात हात घालू नका.